दुसऱ्यासाठी उचललेला सोटा

इंग्रजी वर्तमानपत्रे चाळताना एक वाक्प्रचार आपल्या नजरेस वारंवार पडतो. एखाद्या पुढाऱ्याने गिरणीकामगारांची बाजू जोराने मांडली, एखाद्या संपादकाने तुरुंगात खितपत पडलेल्या माणसासाठी लेखणी चालवली, की इंग्रजी लिहिणारा म्हणतो, 'ही टुक अप द कजल्स.' वरच्या वर्गातला एखादा चुणचुणीत मुलगा मग विचारतो, "गुरुजी, कजल म्हणजे काय हो?" आपल्या काजळाशी त्याचा काही संबंध नाही बरं का! कजल म्हणजे सोटा. आखूड, जाड, हातात घट्ट बसणारे दांडके. तेव्हा त्या शब्दांचा सरळ अर्थ झाला, 'त्याने सोटे उचलले.' आणि भावार्थ झाला, 'त्याने दुसऱ्याचा कैवार घेतला.'

आता सोट्याचा आणि कैवाराचा संबंध काय? मारामारीचे हत्यार आणि दीनदुबळ्याची पाठराखण यांची गाठ कोणी घातली? या एका प्रश्नाचा माग काढत गेलो, तर इंग्लंडचा सातआठशे वर्षांचा इतिहास आपल्यापुढे उलगडतो; आणि तो नुसता शब्दांचा इतिहास नाही, न्याय कसा मागायचा आणि कोणासाठी मागायचा याचा तो इतिहास आहे.

प्रथम तो सोटा पाहू. आपल्याकडच्या जुन्या तालमींत फरीगदगा खेळत. एका हातात चामड्याची लहान ढाल, म्हणजे फरी, आणि दुसऱ्या हातात चामड्याने मढवलेली काठी, म्हणजे गदगा. इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतही असाच खेळ होता. सॉमरसेट, विल्टशर, बर्कशर या भागांत गावजत्रेच्या दिवशी फळ्यांचा मंच उभारीत. त्यावर दोन गडी समोरासमोर उभे राहत. हातातल्या सोट्याच्या मुठीला वेताची टोपलीसारखी वाटी असे, म्हणजे बोटे ठेचत नसत. हार-जीत कशी ठरे? प्रतिपक्षाच्या डोक्यातून रक्ताची धार इंचभर खाली आली, की पंच खेळ थांबवीत आणि डोके फोडणारा जिंकला असे जाहीर करीत. टॉमस ह्यूज या लेखकाने १८५७ साली लिहिलेल्या 'टॉम ब्राउन्स स्कूल डेज' या शाळकरी मुलांच्या प्रसिद्ध कादंबरीत अशा जत्रेचे आणि अशा खेळाचे वर्णन आले आहे. या खेळाची सुधारलेली आवृत्ती १९०४ साली अमेरिकेतल्या सेंट लुई येथील ऑलिंपिक सामन्यांतही खेळली गेली.

या खेळात सोटे उचलले म्हणजे आव्हान स्वीकारले. आणि एकावर एक आडवे ठेवून दिले, म्हणजे लढाई नको, मी माघार घेतो. त्यावरून सतराव्या शतकापासून 'सोटे उचलणे' हे वादविवादाबद्दल बोलताना वापरू लागले. आरंभी त्याचा अर्थ नुसता 'वादात उतरणे' एवढाच होता. मग तो वाद स्वतःचा असो की परक्याचा. हळूहळू त्याला 'अमक्यासाठी', 'अमक्याच्या वतीने' हे शब्द जोडले जाऊ लागले, आणि आज तर दुसऱ्याची बाजू लढवणे हाच त्याचा मुख्य अर्थ होऊन बसला आहे. सोटा जत्रेतून कागदावर आला, आणि कागदावर येताच तो स्वतःसाठी कमी आणि दुसऱ्यासाठी जास्त चालू लागला, असे म्हणा ना.

पण दुसऱ्यासाठी सोटा उचलण्याची चाल इंग्लंडात या वाक्प्रचाराहून फार जुनी आहे. आणि ती जत्रेत नव्हती, चक्क न्यायालयात होती!

१०६६ साली फ्रान्समधल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. येताना त्यांनी आपला एक रिवाज बरोबर आणला, तो म्हणजे द्वंद्वाने न्याय. जमिनीचा तंटा आहे, कागद नाही, साक्षीदार एकमेकांविरुद्ध बोलतात. मग खरे कोणाचे? दोन्ही पक्षांनी लढावे. देव न्यायी आहे, तो खऱ्यालाच जय देईल, अशी समजूत. आता जमिनीचा मालक म्हातारा असेल, बाई असेल, मठाचा महंत असेल, तर तो कसा लढणार? म्हणून जमिनीच्या दाव्यात स्वतःऐवजी दुसरा गडी उभा करण्याची मुभा होती. या गड्याला म्हणत 'चँपियन'. आज आपल्या पोरांच्या तोंडी हा शब्द आहे. कबड्डीचा चँपियन, कुस्तीचा चँपियन. मूळ शब्द रणांगण या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. आपण त्याचा अर्थ 'जिंकणारा' एवढाच घेतो. पण न्यायालयातला चँपियन म्हणजे दुसऱ्याच्या वतीने मैदानात उतरणारा माणूस. इंग्रजीत आजही गरिबांच्या कैवाऱ्याला गरिबांचा चँपियन म्हणतात, ते यामुळे.

अठराव्या शतकातला कायदेपंडित ब्लॅकस्टन याने या लढाईचे नियम नोंदवून ठेवले आहेत. दोघांच्या हाती सव्वा वाराचा सोटा आणि चामड्याची चौकोनी ढाल. दोघांनी शपथ घ्यायची की मी जादूटोणा केलेला नाही, अंगावर ताईत-गंडा बांधलेला नाही. लढाई सूर्योदयाला सुरू होई आणि आकाशात चांदण्या दिसेपर्यंत चाले. ज्याच्या ताब्यात जमीन आहे त्याचा गडी चांदण्या उगवेपर्यंत टिकून राहिला, तरी तो जिंकला. आणि मार असह्य होऊन एखाद्याने 'क्रेव्हन' हा शब्द उच्चारला, की त्याच्या धन्याची जमीन गेली आणि त्याची अब्रूही गेली. पुढे त्याची साक्षसुद्धा कोणी मानीत नसे. इंग्रजीत भेकडाला आजही 'क्रेव्हन' म्हणतात.

रिवाज उदात्त वाटतो, नाही का? दुबळ्यासाठी सबळाने उभे राहावे! पण व्यवहारात काय झाले ते पाहा. लढणारा गडी मुळात साक्षीदार असावा असा नियम होता. 'ही जमीन याचीच आहे, मी पाहिले आहे, किंवा माझ्या बापाने पाहून मला सांगितले आहे,' अशी शपथ तो घेई. लवकरच मोठमोठे जमीनदार आणि धर्मपीठे पैसे मोजून पहिलवान बाळगू लागली. तेराव्या शतकात हेरेफर्डच्या बिशपच्या पदरी असा एक लढवय्या वार्षिक वेतनावर होता. हा भाडोत्री पहिलवान जमीन कधी डोळ्यांनी न पाहता खुशाल शपथ घ्यायचा. शेवटी १२७५ साली राजा पहिला एडवर्ड याच्या कायद्याने ती शपथच काढून टाकली. लबाडी बंद करता येईना, तेव्हा निदान खोटी शपथ तरी नको, असा तो तोडगा होता. म्हणजे दुबळ्याच्या सोयीसाठी निघालेली वाट श्रीमंताच्या सोयीची झाली. ज्याच्या गाठीला पैसा, त्याच्या बाजूला दांडगा सोटा.

मग लोकांनी दुसरी वाट धरली. दुसऱ्या हेन्री राजाने ११७९ च्या सुमारास जमिनीच्या दाव्यात नवी सोय करून दिली. ज्याच्या ताब्यात जमीन आहे त्याने लढाई नको म्हटले, तर त्या भागातल्या बारा सरदारांनी चौकशी करून जमीन कोणाची ते सांगावे. पंचांनी सांगितलेले सत्य की सोट्याने सिद्ध केलेले सत्य, यात शहाणी माणसे पंचांकडे वळू लागली. तरी जुना कायदा पुस्तकात राहिलाच. १५७१ साली लंडनजवळच्या टॉटहिल मैदानात अशा एका जमिनीच्या दाव्यासाठी आखाडा तयार झाला, न्यायाधीश आसनावर येऊन बसले, हजारो लोक तमाशा पाहायला जमले. पण दावा लावणारे पक्षकारच हजर झाले नाहीत आणि लढाई झालीच नाही.

आता या कथेतला सर्वांत विलक्षण प्रसंग ऐका. तो मात्र जमिनीचा नव्हे, एका मुलीच्या मृत्यूचा आहे.

१८१७ सालच्या मे महिन्यात वॉरिकशरमधल्या अर्डिंग्टन गावाजवळ मेरी ॲशफर्ड नावाची वीस वर्षांची तरुण मुलगी एका पाणी भरलेल्या खड्ड्यात मेलेली आढळली. आदल्या रात्री ती नाचाच्या कार्यक्रमाला गेली होती आणि परतताना अब्राहम थॉर्न्टन हा तरुण तिच्याबरोबर होता. त्याच्यावर खुनाचा खटला झाला. त्या वेळी तो दुसरीकडे होता असे साक्षीदारांनी सांगितले आणि पंचांनी त्याला काही मिनिटांतच निर्दोष ठरवले. लोक खवळले. त्या काळच्या कायद्यात एक जुनी तरतूद होती. मृताच्या जवळच्या वारसाला स्वतः फिर्यादी होऊन आरोपीवर पुन्हा खटला भरता येई. मेरीचा भाऊ विल्यम पुढे आला. बहिणीसाठी भावाने सोटा उचलला!

पण थॉर्न्टनचा वकील कायदा कोळून प्यालेला होता. नोव्हेंबर १८१७ मध्ये लंडनच्या वरिष्ठ न्यायालयात थॉर्न्टन उभा राहिला आणि म्हणाला की मी निर्दोष आहे आणि हे मी माझ्या देहाने सिद्ध करीन. असे म्हणून त्याने चामड्याचा हातमोजा न्यायालयाच्या जमिनीवर टाकला. म्हणजे काय? द्वंद्वयुद्धाचे आव्हान! सगळे चकित झाले. वाफेची यंत्रे धडधडत होती, कापडाच्या गिरण्या चालू होत्या, आणि न्यायालयात माणूस साडेसातशे वर्षांपूर्वीचा रिवाज मागत होता. जमिनीच्या दाव्यात बदली गडी चाले. खुनाच्या फिर्यादीत मात्र दोघांनी स्वतःच लढायचे असे. स्त्रिया, मुले, साठीच्या पुढची माणसे, आंधळे-पांगळे यांना त्यातून सूट होती. विल्यम यांपैकी कोणीच नव्हता. तो फक्त अंगाने किरकोळ होता. आणि थॉर्न्टन चांगला धिप्पाड गडी.

एप्रिल १८१८ मध्ये मुख्य न्यायाधीश लॉर्ड एलनबरो यांनी निर्णय दिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते: हा रिवाज आम्हांला आवडो वा न आवडो, संसदेने तो रद्द केलेला नाही, तेव्हा कायदा आहे तसा आम्हांला मानला पाहिजे. विल्यमने लढायला नकार दिला आणि थॉर्न्टन मोकळा झाला. पुढच्याच वर्षी, १८१९ साली, संसदेने द्वंद्वाने न्याय आणि वारसाची ती जुनी फिर्याद या दोन्ही गोष्टी कायमच्या रद्द केल्या.

थॉर्न्टन दोषी होता की निर्दोष, यावर आजही एकमत नाही, आणि आपल्याला त्या वादात पडायचे कारण नाही. पाहायची गोष्ट वेगळीच आहे. भावाच्या दंडात जोर किती, आणि बहीण कशी मेली, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय? सोटा मारणाऱ्याचे बळ दाखवतो, सत्य दाखवत नाही. एवढी साधी गोष्ट कायद्याच्या पुस्तकात उतरायला १८१९ साल उजाडावे लागले. आणि गंमत पाहा, त्या काळी आरोपीच्या वतीने वकिलाने बोलावे, ही सोय तरी कुठे धड होती? गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात आरोपीचा वकील साक्षीदारांना प्रश्न विचारू शके, पण पंचांसमोर आपल्या अशिलासाठी भाषण करू शकत नसे. तो हक्क इंग्लंडमध्ये १८३६ च्या कायद्याने मिळाला.

खरा सोटा मोडला. आता शब्दाचा सोटा उरला. तो कसा चालवावा याचे एक उत्तम उदाहरण सांगतो, आणि त्याचा धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो.

शापुरजी एदलजी हे मुंबईत जन्मलेले पारशी गृहस्थ. ते ख्रिस्ती झाले, इंग्लंडला गेले आणि स्टॅफर्डशरमधल्या ग्रेट वर्ली या खाणकामगारांच्या गावी चर्चचे धर्मगुरू झाले. त्यांची पत्नी इंग्रज. मुलगा जॉर्ज शिकून बर्मिंगहॅममध्ये वकिली करू लागला. परक्या रंगाचा धर्मगुरू गावातल्या काहींना रुचला नसावा. घराण्याला वर्षानुवर्षे निनावी पत्रांचा त्रास झाला. १९०३ साली त्या भागात रात्री-अपरात्री गुरे-घोड्यांची पोटे फाडण्याचे प्रकार सुरू झाले. पोलिसांनी जॉर्जला पकडले. 'त्या रात्री मुलगा माझ्याच खोलीत झोपला होता आणि दाराला कुलूप होते,' असे बापाने शपथेवर सांगितले. पण ते मानले गेले नाही. जॉर्ज तुरुंगात असतानाही असे प्रकार घडले. तरी त्याला सात वर्षांची सक्तमजुरी झाली. हजारो लोकांनी अर्ज केले. १९०६ साली, तीन वर्षांनी, त्याला सोडले. पण निर्दोष म्हणून नव्हे. त्यामुळे वकिली गेली ती गेलीच.

जॉर्जने आपली हकीकत आर्थर कॉनन डॉइल यांना कळवली. शेरलॉक होम्सच्या गुप्तहेरकथा लिहिणारे हेच ते डॉइल. भेट ठरली एका हॉटेलात. डॉइल यांना पोहोचायला थोडा उशीर झाला. आत शिरताना त्यांना दिसले की जॉर्ज वर्तमानपत्र डोळ्यांच्या अगदी जवळ धरून, तेही तिरके करून वाचतो आहे. डॉइल मूळचे डॉक्टर, त्यात डोळ्यांचा विशेष अभ्यास केलेले. त्यांच्या मनात लगेच आले, ज्याला हातभर अंतरावरचे नीट दिसत नाही, तो काळोख्या रात्री, पावसात, शेते आणि रेल्वेचे रूळ ओलांडून घोड्याला गाठील कसा?

पण वाचकहो, नीट लक्ष द्या. एवढ्यावर डॉइल लिहायला बसले नाहीत. त्यांनी खटल्याचे कागद वाचले, जागा पाहिली, डोळ्यांच्या तज्ज्ञाचे मत जमेस धरले. आणि मग जानेवारी १९०७ मध्ये 'डेली टेलिग्राफ' पत्रात लेख लिहिले. ते लेख कोणीही विनामूल्य पुन्हा छापावेत, अशी मुभाही त्यांनी दिली. देशभर चर्चा उसळली. सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. मे महिन्यात जॉर्जला माफी मिळाली. परंतु काही निनावी पत्रे त्यानेच लिहिली असा ठपका ठेवून भरपाई मात्र नाकारली. डॉइल यांना हा निकाल अर्धवट वाटला आणि त्यांनी तसे बोलूनही दाखवले. तरी त्याच वर्षी जॉर्जला वकिलीची सनद परत मिळाली. आणि हे प्रकरण, तसेच ॲडॉल्फ बेक नावाच्या दुसऱ्या एका निरपराध माणसाचे प्रकरण, यांनी लोकमत तापलेले असतानाच, १९०७ मध्ये फौजदारी अपिलांसाठी स्वतंत्र न्यायालय स्थापन करण्याचा कायदा झाला. त्यापूर्वी इंग्लंडात शिक्षा झालेल्या माणसाला वर दाद मागायला असे न्यायालयच नव्हते! एका माणसासाठी सोटा उचलला. त्याचा लाभ हजारोंना झाला.

आता आपल्या भाषेकडे वळू. मराठीत याला शब्दांचा तोटा नाही. कैवार घेणे, कड घेणे, बाजू घेणे, पाठीशी उभे राहणे, पाठराखण करणे, वकीलपत्र घेणे. प्रत्येकाची छटा निराळी. 'पाठराखण' ऐकले की नव्या नवरीबरोबर सासरी जाणारी पाठराखीण आठवते. ती भांडत नाही. ती नुसती सोबत असते, आणि त्या सोबतीनेच पोरीला धीर येतो. 'कड घेणे' यात आपुलकी आहे, पण थोडा पक्षपातही डोकावतो. आजी नातवाची कड घेते ती त्याची चूक असली तरी. 'वकीलपत्र घेणे' आपण कधी टोमण्यानेही म्हणतो: "तू कशाला त्याचं वकीलपत्र घेतोस?" पण ते खरोखर घेणारेही आपल्याकडे होऊन गेले. १८७९ साली वासुदेव बळवंत फडके यांच्यावर पुण्यात खटला चालला. सरकारच्या धाकाने लोक त्यांचे नाव घ्यायला कचरत होते. त्या वेळी गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, त्यांच्या बचावासाठी उभे राहिले. फडक्यांना जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा झाली ती झालीच. पण त्यांच्या बाजूने न्यायालयात एक मराठी आवाज उठला, ही गोष्ट मात्र पुसली गेली नाही.

तेव्हा 'टेक अप द कजल्स' याला मराठीत सर्वांत जवळचा शब्द 'कैवार घेणे' हाच. गुरुजींनी मुलांना दोन-तीन गोष्टी अवश्य सांगाव्यात. एक, हा वाक्प्रचार नेहमी अनेकवचनी येतो. दुसरी, तो खऱ्या मारामारीला लावत नाहीत. बोलणे, लिहिणे, अर्ज करणे, खटला लढवणे यांना लावतात. आणि तिसरी, याच शब्दाचा दुसरा एक वाक्प्रचार आहे, 'मेंदूला सोटा हाणणे', म्हणजे काही आठवण्यासाठी डोके खाजवणे. दोहोंची गल्लत होऊ देऊ नये.

आणि आपण मोठ्या माणसांनी काय घ्यायचे? गावात एखाद्या विधवेच्या बांधावर कोणी अतिक्रमण करतो, एखाद्या मजुराचे नाव यादीतून गळते, एखाद्या पोरावर चोरीचा आळ येतो. अशा वेळी चार माणसे गप्प बसतात, आणि दोन माणसे दंड थोपटून उभी राहतात. गप्प बसणाऱ्यांनी 'क्रेव्हन' शब्द न उच्चारताच म्हटलेला असतो. पण दंड थोपटणाऱ्यांनीही डॉइल यांची रीत ध्यानात ठेवावी. आधी कागद पाहावा, जागा पाहावी, दोन्ही बाजू ऐकाव्या. मग बोलावे, आणि बोलल्यावर मागे फिरू नये.

शिवाय आता ज्याला कोणी नाही त्याला कायद्यातही जागा आहे. आपल्या राज्यघटनेत १९७६ साली ३९-अ हे कलम घालून गरिबाला विनामूल्य कायदेशीर मदत देण्याचे धोरण सांगितले. त्यासाठी १९८७ चा कायदा झाला आणि तो १९९५ पासून अमलात आला. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, कोठडीतले कैदी यांना या कायद्याने फुकट वकील मागता येतो, आणि त्यासाठी तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. ही गोष्ट ज्याला ठाऊक नाही त्याला ती सांगणे, त्याच्याबरोबर त्या दारापर्यंत जाणे, त्याचा अर्ज लिहून देणे, हाही कैवारच. त्याला दंडात बळ लागत नाही, गाठीला पैसाही लागत नाही. हेरेफर्डच्या बिशपला जे विकत घ्यावे लागले, ते शाळेतला गुरुजी किंवा शेजारचा शेतकरी आपल्या गावात कोणालाही आपणहून देऊ शकतो.